पुण्याच्या बसचा सारथी

१ जून १९४८ रोजीं सकाळीं नगरच्या माळीवाड्यांतून एक बस पुण्याकडे निघाली. मुंबई सरकारच्या एस्. टी. सेवेची ती पहिली गाडी. चालक होते किसन राऊत, आणि वाहक लक्ष्मण केवटे. महाभारतांतील सारथ्यांचीं नांवें पोराबाळांस पाठ असतात. परंतु तिकीट काढून बसलेल्या साध्या उतारूंच्या सारथ्याची नोंद इतिहास सहसा ठेवीत नाहीं. या दोघांची राहिली, हें बरें झालें.

तत्पूर्वीं रस्ते ओस होते असें मात्र नव्हे. खासगी मोटारी धांवत होत्याच. पण मोटार सुटण्याची वेळ घड्याळ ठरवीत नसे. उतारूंची संख्या ठरवी. गाडी भरली तरी मालकाचें मन भरत नसे, आणि ‘आतां पुरे’ म्हणण्याची सोय चालकास नसे. त्या काळच्या चालकाची उणीव हातांत नव्हती, अधिकारांत होती.

हात तर कसलेले असत. शाळा म्हणावी ती एकच, क्लीनरची नोकरी. पहांटे गाडी धुवावी, रेडिएटरमध्यें पाणी घालावें, हँडल फिरवून इंजिन चालू करावें, चढावर चाकामागें दगड लावावा. आणि हें करीत असतांना उस्तादाच्या हातापायांवर नजर ठेवावी. गीअर बदलतांना बहुतेक जड गाड्यांचा क्लच दोनदां दाबावा लागे. तो ठेका कानानेंच शिकावयाचा. चुकला कीं दांते करकरत आणि उस्तादाची टप्पल बसे. अशीं वर्षें काढल्यावर रिकाम्या रस्त्यावर एखादे दिवशीं चक्र हातीं येई.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें उतारूंची गाडी हांकणाऱ्यास किमान वीस वर्षें वय, सलग पांच तासांनंतर अर्धा तास विश्रांति आणि दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. नियम चांगला होता. पण तो पाळणारा धनी हवा होता. एस्. टी. च्या वेळापत्रकानें आणि हजेरीपटानें तो पुष्कळसा मिळाला. पुणें शहरांत सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही खासगी कंपनी बस चालवी. १९५० सालीं महानगरपालिका झाली आणि पी. एम्. टी. जन्मास आली. १९६१ च्या कायद्यानें दिवसाचे तास आठावर आणले. थकलेल्या डोळ्यांनीं गाडी हांकावयाची नाहीं, हें म्हणण्यास चालकास कायद्याचा आधार मिळाला.

आतां क्लीनरकीची वाट जवळजवळ बुजली आहे. १९८८ च्या कायद्याप्रमाणें हलक्या मोटारीचा परवाना वर्षभर बाळगल्यावांचून उतारूंच्या गाडीचा शिकाऊ परवाना मिळत नाहीं. पंचवीस मीटरांवरील मोटारीच्या पाटीवरचा क्रमांक वाचतां येतो, तांबडा व हिरवा रंग ओळखतां येतो, असा डॉक्टरचा दाखला लागतो. एस्. टी. ची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था पुण्याजवळ भोसरीस आहे. शहरांत २०१९ पासून विजेच्या बस धांवतात. त्यांत क्लचच नाहीं. जुना उस्ताद असल्या गाडीस काय म्हणाला असता कोण जाणे!

एक दार मात्र फार उशिरां उघडलें. परवान्याच्या कायद्यांत स्त्रीला मनाई कधींच नव्हती, तरीहि एस्. टी. च्या चक्रावर स्त्रीचा हात पडण्यास पाऊणशें वर्षें लागलीं. जून २०२३ मध्यें अर्चना अत्राम यांनीं पुणें जिल्ह्यांत सासवडहून नीरेपर्यंत उतारूंनीं भरलेली बस नेली.