ज्यांस चालवत नाहीं त्यांची पाळी
सन २०२१ च्या लसनोंदणीची हकीकत

ज्युबिलीच्या स्मृतिग्रंथांत देवळाचा पाया केव्हां घातला गेला, वेदी कोणीं अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, हा वृत्तांत देण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ख्रिस्ती समाजाचा इतिहास केवळ दगडचुन्याचा नसतो. संकट ओढवलें असतां आपण आपल्यांतील दुर्बळांशीं कसे वागलों, हेंही पुढील पिढीस कळलें पाहिजे. म्हणून करोनाच्या सांथींत, सन २०२१ मध्यें, वृद्ध व व्याधिग्रस्त माणसांची लसीसाठीं जी नोंदणी झाली, तिची हकीकत येथें लिहून ठेवण्याचें योजिलें आहे. विषय किरकोळ भासेल. पण दुर्बळाची पाळी पहिली असें ठरविणें निराळें, आणि ती पाळी त्याच्या पदरांत पडणें निराळें, हा मोठा धडा त्यांत आहे.

आपल्या प्रांतास सांथ किंवा टोंचणी नवीन नव्हती. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत पसरलेला ताप प्लेगाचा आहे, हें प्रथम ओळखलें तें डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय कॅथोलिक गृहस्थांनीं. पुढें डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगावर लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील, स्वखुषीनें पुढें आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा केली. त्या काळीं घरांच्या झडत्या व सक्तीची अलगता यांनीं लोक फार धास्तावले होते. लसीस माणसें मिळविणें हेंच मोठें काम होतें. सव्वाशें वर्षांनंतर प्रश्न बहुतांशीं उलटा झाला. लस मागणारे पुष्कळ आणि लस थोडी. मग प्रथम कोणास द्यावी?

याचें उत्तर रोगानेंच दिलें होतें. तरुण माणूस बहुधा बरा होऊन उठे. पण साठीच्या पुढील माणसांस, आणि मधुमेह, हृदयविकार, कर्करोग अशीं दुखणीं अंगीं असणाऱ्यांस, प्राणाचें भय कितीतरी पटींनीं अधिक होतें. ज्यास भय अधिक त्यास लस आधीं, हा क्रम बहुतेक देशांनीं स्वीकारला. १२ जानेवारी २०२१ रोजीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डच्या पहिल्या पेट्या बाहेर पडल्या, आणि १६ जानेवारीस आपल्या देशांत लसीकरणास आरंभ झाला. प्रथम डॉक्टर, परिचारिका व रुग्णालयांतील इतर सेवक. फेब्रुवारीपासून पोलीस, सफाई कामगार इत्यादि. आणि १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्व माणसें, व पंचेचाळीस ते एकुणसाठ वर्षांचे व्याधिग्रस्त. कोणत्या व्याधि धरावयाच्या, यासाठीं सरकारनें वीस कलमांची यादी प्रसिद्ध केली. डायलिसिसवर असलेले, दुसऱ्याचा अवयव बसविलेले, कर्करोगी, सिकलसेलचे रोगी, असे अनेक तींत होते. मात्र प्रत्येकास नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला आणावा लागे. सरकारी केंद्रांत लस फुकट होती; खासगी रुग्णालयांस त्या वेळीं एका डोसास २५० रुपयांहून अधिक घेण्याची मनाई होती.

कित्येक भाविकांच्या मनांत याच सुमारास एक शंका उद्भवली. कांहीं लसींच्या संशोधनांत किंवा निर्मितींत, फार पूर्वीं गर्भपात झालेल्या अर्भकांपासून काढून पुढें वाढविलेल्या पेशींचा उपयोग झाला होता. तेव्हां अशी लस कॅथोलिक माणसानें घ्यावी कीं नाहीं? श्रद्धासिद्धांताविषयींच्या रोमच्या पवित्र परिषदेनें २१ डिसेंबर २०२० रोजीं याचा खुलासा केला. दुसरी निर्दोष लस मिळत नसतां ती घेणें नीतीस धरून आहे. कारण घेणाऱ्याचा त्या मूळ दुष्कृत्याशीं संबंध फार दूरचा आहे. लस घेणें ऐच्छिक असावें, आणि गरीब देशांसही ती परवडेल अशी व्यवस्था करणें हें नैतिक कर्तव्य आहे, असेंही परिषदेनें सांगितलें. चौऱ्यांशीं वर्षांचे पोप फ्रान्सिस यांनीं जानेवारी २०२१ मध्यें स्वतः लस घेतली, आणि त्या वर्षींच्या पवित्र सप्ताहांत व्हॅटिकननें १,२०० गोरगरिबांस लस देण्याची योजना केली.

आतां नोंदणीची रीत पाहूं. ‘को-विन’ नांवाच्या सरकारी संकेतस्थळावर मोबाईलचा नंबर घालावयाचा. त्यावर सहा आंकड्यांचा ओटीपी येई, तो मुदतींत लिहावयाचा. मग नांव, जन्मवर्ष, आणि आधार, पॅन, मतदार ओळखपत्र किंवा फोटो असलेलें पेन्शनचें पासबुक अशा एखाद्या कागदाचा क्रमांक भरावयाचा. त्यानंतर पिनकोडावरून जवळचें केंद्र शोधून दिवस व वेळ निवडावयाची. एका नंबरावर चार माणसांची नोंद होत असे. रीत सुटसुटीत होती, हें मान्य केलें पाहिजे. एकाच वहींत कोट्यवधि माणसांची पाळी आणि दाखला राहिला, हें पूर्वीं कोणास शक्य झालें नसतें.

परंतु ज्यांच्यासाठीं दार उघडलें, त्यांच्याच हातीं किल्ली नव्हती. ज्या आजीजवळ बटणांचा साधा फोन, ज्या आजोबांस अक्षर नीट दिसत नाहीं, त्यांनीं हें कसें करावें? आरंभीं तें संकेतस्थळ इंग्रजींत होतें. मराठी त्यांत आली ती जून २०२१ मध्यें. थेट केंद्रावर जाऊन नांव लिहविण्याची मुभा वृद्धांस होती खरी, पण तिचा अर्थ उन्हांत रांगेंत उभें राहणें, आणि कधीं कधीं लस संपली हें ऐकून परत फिरणें, असाही होत असे. एप्रिलांत दुसरी लाट भर जोरांत असतां पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांस लस खुली होती. २८ एप्रिलास अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांची नोंदणी सुरू झाली, आणि एका दिवसांत एक कोटीहून अधिक नांवें आलीं. त्याच सुमारास साठा नसल्यामुळें मुंबईंतील केंद्रें तीन दिवस बंद ठेवावीं लागलीं. ज्याचें बोट चपळ त्यास दिवस व वेळ मिळे. ३१ मे रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही, ज्यांजवळ इंटरनेट नाहीं अशा लोकांचें या रीतीनें काय होणार, असा प्रश्न सरकारपुढें मांडला.

हें अंतर प्रथम भरून काढलें तें घरच्या व शेजारच्या माणसांनीं. नातवंडांनीं आजीआजोबांचीं नांवें भरलीं. ज्यांचीं मुलें परदेशीं होतीं, त्यांच्यासाठीं शेजाऱ्यांनीं आपला नंबर दिला, त्यांस रिक्षांत बसवून नेलें, आणि टोंचल्यावर अर्धा तास त्यांच्याजवळ बसून राहिले. दुसऱ्या डोसाची तारीख ध्यानांत ठेवणें हेंही लहान काम नव्हतें. कोविशील्डच्या दोन डोसांमधील अंतर प्रथम चार ते सहा आठवडे होतें. २२ मार्चला तें सहा ते आठ झालें, आणि १३ मे रोजीं बारा ते सोळा. वृद्ध माणसें गोंधळून जात, आणि कोणीतरी त्यांस शांतपणें समजावून सांगावें लागे. शुभवर्तमानांतील कफर्णहूमच्या पक्षघाती मनुष्यास चौघांनीं उचलून, छप्पर उघडून, प्रभूपुढें खालीं सोडलें. त्याची पाळी त्याच्या पायांनीं आली नाहीं, चौघांच्या खांद्यांवरून आली. एका नंबरावर चौघांचीं नांवें लिहिली जात असतां ती कथा कोणास आठवली असेल, तर नवल नव्हे.

सरकारनेंही हळूहळू रीत बदलली, हें न्यायाने सांगितलें पाहिजे. मेच्या आरंभीं दादरच्या कोहिनूर वाहनतळावर, मोटारींत बसल्या जागीं वृद्ध व अपंग यांस लस टोंचण्याची सोय झाली. ६ मे रोजीं, ओळखपत्र नसलेल्या लोकांसाठीं केंद्र सरकारनें निराळे नियम काढले. वृद्धाश्रमांतील माणसें त्यांत होतीं. महिनाअखेरीस, घराजवळ केंद्रें उघडण्याची सूचना निघाली. तरीही जो अंथरुणाशीं खिळला आहे, त्याचें काय? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढें गेला. घरीं टोंचल्यास लस वाया जाण्याचें व अपाय झाल्यास तात्काळ उपचार न मिळण्याचें भय आहे, असें केंद्र सरकारचें म्हणणें होतें. न्यायालयानें हा विषय नेटानें लावून धरला. अखेर ३० जुलै २०२१ पासून मुंबई महानगरपालिकेनें अंथरुणाशीं खिळलेल्या माणसांस घरीं जाऊन लस देण्यास आरंभ केला. २३ सप्टेंबर रोजीं केंद्र सरकारनेंही घरीं लस देण्यास अनुमति दिली, आणि नोव्हेंबरांत ‘हर घर दस्तक’ या मोहिमेनें कर्मचारी दारोदार फिरूं लागले. मार्चांत वृद्धानें केंद्राकडे जावयाचें होतें. नोव्हेंबरांत केंद्रच वृद्धाकडे आलें. मधल्या आठ महिन्यांत जीं माणसें गेलीं, त्यांतील कित्येकांची पाळी कागदावर केव्हांच लागली होती, हें विसरतां कामा नये.

पुढें १० जानेवारी २०२२ पासून साठ वर्षांवरील व्याधिग्रस्तांस तिसरा डोस मिळूं लागला. १७ जुलै २०२२ रोजीं देशांतील डोसांची संख्या २०० कोटींवर गेली. आणि ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें या सांथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. सांथ ओसरली. परंतु पुन्हां सांथ येणार नाहीं असें कोणीं म्हणावें?

म्हणून सुज्ञ वाचकांपुढें एक सूचना ठेवून हा लेख पुरा करतों. बाप्तिस्म्याची, विवाहाची व मरणाची वही प्रत्येक पॅरिशमध्यें काळजीपूर्वक ठेवली जाते. त्यांच्याच शेजारीं आणखी एक लहान वही असावी. आपल्यांत एकटीं राहणारीं वृद्ध माणसें कोण, अंथरुणावर कोण, कोणास डायलिसिसला जावें लागतें, कोणाजवळ फोन नाहीं, आणि हांक मारली तर धांवून येईल असा जवळचा शेजारी कोणता, हें तींत त्यांच्या संमतीनें लिहिलेलें असावें, आणि दर वर्षीं तें तपासून पाहावें. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद घरोघर जातच असतात. पवित्र कम्युनियन घेऊन आजाऱ्यांकडे जाणारेही आहेत. त्यांच्याकडून हें काम सहज होईल. खर्च एका वहीचा आहे. पुढील संकटाच्या वेळीं सरकारचें दार कोणत्याही रीतीनें उघडो, त्या दारापर्यंत ज्यांस चालवत नाहीं, त्यांचीं नांवें आपल्यापाशीं आधींच लिहिलेलीं असोत.