घाटावरचा समुद्र: चाकणसारख्या ठिकाणी घरात रीफ टँक सांभाळायचा म्हणजे नक्की काय करावं लागतं?

गुरुवारी सकाळी लाईट गेली की पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. वीज दुरुस्तीचा वार म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. पण घरात समुद्री मासे आणि प्रवाळ पाळणाऱ्याला त्या क्षणी घड्याळ दिसायला लागतं. पंप बंद झाला की पाणी थांबतं आणि पाणी थांबलं की त्यातला ऑक्सिजन कमी होऊ लागतो. टँक गच्च भरलेला असेल तर काही तासांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात.

समुद्र घाटाखाली, आपण घाटावर. तरीही हा छंद इथे जमतो का? जमतो. पण हौस मासे पाळण्याची वाटत असली, तरी रोजचं काम असतं पाणी स्थिर ठेवण्याचं.

रीफ टँक म्हणजे काय?

साध्या फिश टँकमध्ये गोडं पाणी आणि गोड्या पाण्यातले मासे असतात. रीफ टँकमध्ये खारं पाणी, खडक, मासे आणि प्रवाळ असं सगळं एकत्र नांदतं. प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण तो प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातल्या चौथ्या जागतिक ब्लीचिंगची घोषणा केली. समुद्रात जे काही आठवड्यांत होतं, ते दिवाणखान्यातल्या टँकमध्ये मे महिन्याच्या चार दुपारींत होऊ शकतं.

पाण्यात मीठ टाकलं की समुद्र होतो का?

नाही. स्वयंपाकघरातलं मीठ म्हणजे जवळजवळ फक्त सोडियम क्लोराईड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं. त्यासाठी टँकचं खास मीठ मिळतं. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार लागतात, म्हणजे २०० लिटरच्या टँकला ७ किलो.

ज्या पाण्यात ते विरघळवायचं, तेही शुद्ध हवं. बोअरचं पाणी जड असतं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. घरच्या आरओ मशीनमधून आलेल्या पाण्यातही थोडे क्षार उरतात, म्हणून अनुभवी लोक त्यापुढे डीआय फिल्टर लावतात आणि टीडीएस शून्याच्या जवळ आणतात.

नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत होते ती बाष्पीभवनात. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. समजा २०० लिटरच्या टँकमधून रोज ३ लिटर पाणी उडतंय. चार दिवस तुम्ही गावाला गेलात, तर १२ लिटर कमी होतील आणि क्षारता ३५ वरून ३७ च्या पुढे जाईल. अशा वेळी खारं पाणी ओतलं तर क्षारता आणखी वाढते. उडालेलं पाणी नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने भरायचं. हे काम आपोआप करणारा छोटा पंप मिळतो. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसासाठी तो महागड्या लाईटपेक्षा जास्त गरजेचा.

पहिले काही आठवडे मासा का टाकायचा नाही?

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने खूपच कमी घातक. हे जिवाणू खडकावर आणि वाळूत वस्ती करतात, आणि ती वस्ती तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत टँक म्हणजे माणसं राहायला आली, पण ड्रेनेज जोडलेलं नाही अशी इमारत.

अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य दिसायला लागल्यावर एखाद-दुसरा मासा आणायचा. सगळे एकदम आणायचे नाहीत.

कोणते आकडे सांभाळायचे?

– तापमान: २५ ते २७ अंश
– क्षारता: ३५ च्या आसपास
– अल्कलिनिटी: ८ ते १० डीकेएच
– अमोनिया आणि नायट्राईट: शून्य

चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मशीनवर आकडा मर्यादेत असणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो सारखा वर-खाली न होणंही. टँकचंही तसंच आहे. रोज २७ अंश चालतं, पण दुपारी ३० आणि पहाटे २४ चालत नाही. भिंतीवर एक वही लटकवा आणि वाचन लिहीत जा. मासा सुस्त दिसायच्या आधी वहीतला आकडा सरकलेला असतो.

उन्हाळा आणि वीज

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो. पाण्यावर पंखा सोडला तर तापमान २-३ अंश उतरतं, पण बाष्पीभवन वाढतं. वरच्या मजल्यावरच्या, स्लॅब तापणाऱ्या घरात बहुतेक वेळा चिलर घ्यावाच लागतो.

लाईट गेल्यावर काय आधी चालू ठेवायचं, हे ठरलेलं असावं. पहिला नंबर पाणी फिरवणाऱ्या पंपाचा. तो बहुतेकदा १५-२० वॉटचाच असतो, घरचा इन्व्हर्टर त्याला तासन्‌तास पुरतो. सोबत बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवा. दिवे एखादा दिवस बंद राहिले तरी चालतं. त्या दिवशी खाद्य घालू नका.

टँकची प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. आरसीसीबी असल्याशिवाय खारं पाणी आणि वीज शेजारी ठेवू नका.

वर्षं जातात तसं काय बदलतं?

पहिल्या काही महिन्यांत काचेवर तपकिरी थर येतो, मग हिरवं केसाळ शेवाळ. बरेच जण इथेच कंटाळून टँक विकतात. खरं तर बहुतेक टँक या टप्प्यातून जातात. खाद्य कमी करणं, दर आठवड्याला साधारण १० टक्के पाणी बदलणं आणि वाट बघणं, हाच उपाय.

वर्षभरानंतर खडकावर जांभळा-गुलाबी थर चढतो आणि टँक स्थिरावतो. पण ५-७ वर्षांनी नवे प्रश्न येतात. पंपात चुना साचतो, खडकात फॉस्फेट मुरतं, काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन जुनं होतं. मासे मात्र थांबलेले असतात. क्लाऊनफिश चांगल्या टँकमध्ये २० वर्षांहून जास्त जगल्याची उदाहरणं आहेत. भाड्याची खोली आणि बदलीची नोकरी असेल तर याचा विचार आधी करा. भरलेला २०० लिटरचा टँक स्टँडसकट पाव टनाच्या वर जातो.

कायदा काय सांगतो?

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्री पंखे आहेत. म्हणजे वाघाच्याच यादीत. परवानगीशिवाय ते काढणं, बाळगणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षांची. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ २०२० मध्ये हलवले गेले, तेव्हा महापालिकेलाही आधी परवानगी घ्यावी लागली होती.

त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरून आणलेला प्रवाळाचा तुकडा ‘मेलेलाच होता’ म्हणून चालत नाही. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाला तर बिल आणि आयातीचे कागद मागा. ते नसतील तर घेऊ नका. खडक सिरॅमिकचा किंवा कृत्रिम घ्या.

लेदर, मशरूम आणि झोआंथससारखे मऊ प्रकार या यादीत नाहीत, पण त्यांचेही कागद बघा. झोआंथस हाताळताना हातमोजे घाला. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं तीव्र विष असतं. असे जीव चिकटलेला खडक साफ करण्यासाठी कधीही उकळू नका, वाफेतून अख्खं घर आजारी पडू शकतं.

मग सुरुवात कुठून करायची?

दीडशे-दोनशे लिटरचा टँक, कृत्रिम खडक आणि टँकमध्येच जन्मलेली क्लाऊनफिशची जोडी. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा असा मासा बंदिस्त पाण्याला आणि तयार खाद्याला लवकर सरावतो. महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही समुद्री शोभिवंत माशांचं प्रजनन केलं जातं. घरी टँक लावायच्या आधी तिथे एक चक्कर मारा.

पहिलं वर्ष फक्त मासे सांभाळा. एक उन्हाळा आणि बरेचसे गुरुवार नीट पार पडले, वहीतले आकडे जागेवर राहिले, की मग प्रवाळाचा विचार करा.