बारावा आठवडा आणि एक आकडा : सोनोग्राफी धोका कशी मोजू लागली

आज आपण एका आकड्याचा इतिहास पाहणार आहोत. गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्याच्या आसपास ‘एनटी स्कॅन’ होतो, सोबत रक्ताची ‘डबल मार्कर’ तपासणी होते, आणि काही दिवसांनी रिपोर्टवर ‘१ : २००’ असं काहीतरी छापून येतं. शेजारी ‘हाय रिस्क’. त्या दिवशी घरात कुणाला जेवण जात नाही. बाळात दोष सापडला, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. पण त्या आकड्यात ‘सापडलं’ असं काहीच नसतं. मग असतं काय? हे समजायला आपल्याला ग्लासगोच्या एका बॉयलर कारखान्यापासून सुरुवात करावी लागेल.

१९५५ सालचा जुलै महिना. इयन डोनाल्ड हे ग्लासगो विद्यापीठातले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. युद्धात हवाई दलात काम केलेलं, त्यामुळे रडार-सोनार ऐकून माहीत. रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विलकॉक्स कारखान्यात धातूतली बारीक भेग शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरतात, हे त्यांना कळलं. ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून तिथं पोचले! कंपनीनं तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्या दिवशी दिसलं. पुढं टॉम ब्राउन हा तरुण इंजिनीअर आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर सोबत आले, आणि १९५८ मध्ये तिघांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. विषय होता पोटातल्या गाठी, पण त्यातल्या चित्रांत गर्भाचं डोकंही होतं.

वेळही जुळून आली होती. ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्ट्युअर्ट त्याच सुमारास दाखवून देत होत्या की गरोदरपणी आईच्या पोटाचा एक्स-रे काढला तर मुलाला कर्करोग होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे पोटात डोकावायचा दुसरा रस्ता हवाच होता.

पण पहिल्या तीन महिन्यांचा गर्भ ओटीपोटाच्या हाडांमागे दडलेला असतो. तो दिसायला साधी युक्ती कामाला आली: मूत्राशय भरलेलं ठेवायचं, म्हणजे ध्वनीला आत शिरायला पाण्याची खिडकी मिळते. १९६३ ची ही गोष्ट. ‘भरपूर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका’ ही सूचना आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी ऐकली आहे, तिचं मूळ हे.

आता ज्या माणसाबद्दल आम्हाला थोडं सविस्तर बोलायचं आहे तो ह्यू रॉबिन्सन. नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण काम पायाचं. तेव्हा तिसऱ्या महिन्यात अंगावरून जायला लागलं की डॉक्टरसुद्धा अंधारात असत. गर्भ जिवंत आहे की नाही, हे सांगणार कसं? बाई आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहायची, आणि कधीकधी गर्भ आधीच गेलेला असायचा. रॉबिन्सननं १९७२ मध्ये पहिल्या तिमाहीतच हृदयाचे ठोके ध्वनिलहरींनी टिपता येतात हे दाखवलं. लगेच १९७३ मध्ये दुसरं काम: गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजायची आणि तीवरून वय ठरवायचं. त्या काळात सगळे गर्भ जवळपास एकाच वेगानं वाढतात, म्हणून चूक चार-पाच दिवसांच्या पलीकडे जात नाही. पाळीची तारीख विसरलेली असो वा पाळी अनियमित असो, ही लांबी खरं सांगते.

यात धोका मोजण्याचा संबंध काय? सगळाच. एखादं माप ‘जास्त’ आहे असं म्हणायचं तर या वयाला ते किती असायला हवं होतं, हे आधी माहीत पाहिजे.

ते माप आलं १९९२ मध्ये. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले किप्रॉस निकोलाइडिस आणि सहकारी गर्भाच्या मानेमागची काळी पट्टी मोजत होते. त्वचेखाली साचलेला हा द्रव. द्रवातून प्रतिध्वनी येत नाही म्हणून तो काळा दिसतो. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्येच या मुलांची त्वचा सैल, अंगाला मोठी झाल्यासारखी असते असं नोंदवलं होतं. निकोलाइडिस यांच्या ८२७ गर्भांपैकी ५१ जणांत पट्टी ३ मिलिमीटर किंवा जास्त होती; त्यातल्या १८ जणांत गुणसूत्रांचा दोष निघाला. उरलेल्या ७७६ मध्ये फक्त १०. मात्र हे गर्भ आधीच जोखमीच्या गटातले होते.

तोवर चाळणी होती ती आईच्या वयाची. ३५ च्या पुढं असेल तर गर्भजल तपासणी, नाहीतर नाही. डाउन सिंड्रोमची बरीचशी मुलं तरुण आयांनाच होतात, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त. ती सगळी या चाळणीतून निसटत.

१९९८ मध्ये ९६,१२७ गरोदरपणांचा अभ्यास आला. आईचं वय, गर्भाची लांबी, मानेमागची पट्टी, यांवरून प्रत्येकीचा आकडा काढला. १ : ३०० ही रेषा धरली. डाउन सिंड्रोमच्या ३२६ पैकी २६८ गर्भ रेषेच्या वर आले, इतर गुणसूत्रदोषांचे ३२५ पैकी २५३. आणि निरोगी? तब्बल ७,९०७. म्हणजे ‘हाय रिस्क’ शिक्का बसलेल्या दर सोळा जणींत साधारण पंधरा जणींच्या गर्भात गुणसूत्रांचा दोष नव्हता! आणि शिक्का न बसलेल्यांतही ५८ डाउनचे गर्भ राहून गेले. १ : २०० म्हणजे अशा दोनशे जणींपैकी १९९ जणींच्या बाळाला तो आजार नाही. हा आकडा फक्त सांगतो की पुढची पक्की तपासणी करायची की नाही, हे आता बसून ठरवा. ती तपासणी वारेचा किंवा गर्भजलाचा नमुना घेऊन होते, तिच्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, म्हणून ठरवायचं तर जोडप्यानं. आमचं मत विचाराल तर हा आकडा नुसता कागदावर हातात देऊ नये. समोर बसवून समजावून सांगावा.

आपल्याकडे मात्र या यंत्राला आधी वेगळाच प्रश्न विचारला गेला: मुलगा की मुलगी? स्त्री संघटनांच्या लढ्यानंतर महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये झाला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ असलेल्या मुली २०११ मध्ये ८९४ वर आल्या. त्यामुळे इथं प्रत्येक गरोदर बाईच्या स्कॅनआधी ‘एफ’ फॉर्म भरला जातो. त्यातली कारणांची यादी कधी वाचून बघा. गर्भ जिवंत आहे का, गर्भाचं वय किती, ही कारणं सुरुवातीलाच आहेत. रॉबिन्सनचेच दोन प्रश्न. आणि १९९४ च्या कायद्यात प्रसवपूर्व निदानाला परवानगी देणारी पहिली अट आहे आईचं वय ३५ च्या वर असण्याची. लंडनमध्ये ती चाळणी अपुरी ठरत होती, आणि नेमकी तेव्हाच आपण ती कायद्यात लिहून ठेवली.

१९९७ मध्ये डेनिस लो यांना आईच्या रक्तातच गर्भाचा डीएनए सापडला आणि चित्र पुन्हा बदललं. ते पुढच्या व्याख्यानात. आता प्रश्न घेऊया.