मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांकडे पाहताना

मूत्रपिंडाची बायोप्सी म्हणजे सुईने काढलेला जेमतेम एक-दीड सेंटिमीटर लांबीचा तुकडा. तो सूक्ष्मदर्शकाखाली आला की नजर आधी ग्लोमेरुलसकडे जाते. ते साहजिकही आहे, कारण रोगाची वर्गवारी मुख्यतः त्यावरच बेतलेली असते आणि अहवालही तिथूनच सुरू होतो. कडेला एखादी धमनिका असते. तिच्या वाट्याला बहुतेक वेळा एक ओळ येते, कधी तीही नाही. हे पुस्तक त्या धमनिकेबद्दल आहे.

हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो आणि दिवसाकाठी जवळजवळ 180 लिटर द्रव तिथे गाळला जातो. आत शिरणारी धमनिका केशवाहिन्यांच्या पुंजक्यात फुटते, तोच ग्लोमेरुलस. त्यातून बाहेर पडणारी धमनिका पुन्हा केशवाहिन्यांत विभागते आणि नलिकांना वेढते. ही दोन जाळी एकामागे एक आहेत, म्हणून वरच्या धमनिकेत अडथळा आला की झळ खालच्या नलिकांपर्यंत पोहोचते. नलिकांना प्राणवायू भरपूर लागतो. तो कमी पडत राहिला की त्या सुकतात आणि त्यांच्या भोवती व्रणाची ऊती साठते. मूत्रपिंड पुढे किती वर्षे टिकेल याचा अंदाज पुष्कळदा या व्रणावरूनच अधिक नेमका बांधता येतो.

मग रक्तवाहिन्या मागे का राहिल्या? 1951 मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी सुईने घेतलेल्या बायोप्सीवरचा लेख प्रसिद्ध केला. पुढे इम्युनोफ्लुरोसन्स आले आणि ग्लोमेरुलसमध्ये साचलेली प्रतिपिंडे अंधारात हिरवी चमकू लागली. 1968 मध्ये पॅरिसमध्ये बर्जर आणि हिंग्ले यांनी आयजीए नेफ्रोपॅथी ओळखली ती याच प्रकाशात. एवढे लख्ख काही दिसत असताना शेजारच्या धमनिकेकडे कोण पाहणार? त्या पिढीचे ऋण मोठे आहे. पण तिने लावलेली सवय आता थोडी मोडायला हवी, असे मला मनापासून वाटते.

ल्युपसचे उदाहरण घेऊ. समजा, एका तरुण रुग्णाचे पाय सुजले आहेत, लघवी फेसाळ आहे आणि रक्तदाब आटोक्यात येत नाही. बायोप्सीत चौथ्या वर्गाचा ल्युपस नेफ्रायटिस दिसतो. निदान बरोबर आहे, पण पुरे नाही. त्याच काचपट्टीवर एका धमनिकेची पोकळी फायब्रिनने बुजलेली आहे, आतले अस्तर सुजून सुटले आहे आणि भिंतीत दाहाच्या पेशी जवळपास नाहीत. सिल्व्हर स्टेनमध्ये काही केशवाहिन्यांची भिंत दुपदरी दिसते. ही थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी आहे. कारण अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असतील तर रक्त पातळ ठेवण्याच्या औषधांचा विचार करावा लागतो, आणि कॉम्प्लिमेंटची साखळी मोकाट सुटली असेल तर वाट वेगळी. नुसती स्टेरॉइड्स वाढवून यातले काहीच सुटत नाही.

इथे एक गोष्ट निवासी डॉक्टरांनी पक्की लक्षात ठेवावी. अशा रुग्णाच्या प्लेटलेट्स कधीकधी नॉर्मल असतात, रक्ताच्या काचपट्टीवर तुटक्या तांबड्या पेशीही सापडत नाहीत. इजा मूत्रपिंडापुरतीच असू शकते. रक्ताचा अहवाल स्वच्छ आला म्हणून पॅथॉलॉजिस्टला धमनिकांबद्दल विचारायचे राहू नये.

आयजीए नेफ्रोपॅथीत चित्र आणखी धूसर आहे. ऑक्सफर्ड वर्गीकरणाच्या गुणांकनात रक्तवाहिन्यांसाठी आजही अक्षर नाही. तिथली इजा रोगप्रतिकारातून आलेली किती आणि निव्वळ उच्च रक्तदाबाची किती, यावर प्रामाणिक मतभेद आहेत, आणि ते पुढच्या प्रकरणांत मिटवून न टाकता तसेच मांडले आहेत. एएनसीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये तर प्रतिपिंडे ऊतीत फारशी साचतच नाहीत. चेतवलेल्या न्यूट्रोफिल पेशी स्वतःच भिंत फोडतात.

एक्युलिझुमॅबला 2011 मध्ये अमेरिकेत एटिपिकल हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमसाठी मान्यता मिळाली आणि कॉम्प्लिमेंट रोखणे हा हाताशी असलेला उपाय झाला. ल्युपसमधल्या अशा इजेत तो कोणाला द्यावा, याचे पुरावे अजून तुटपुंजे आहेत आणि औषध अतिशय महाग आहे. म्हणूनच योग्य रुग्ण ओळखण्याला इतके महत्त्व.

या विषयात नव्याने येणाऱ्यांचे मनापासून स्वागत. ज्यांनी आजवर बायोप्सी फक्त अहवालातून वाचली आहे, त्यांनी सिद्धांताची प्रकरणे तूर्त बाजूला ठेवून आधी चित्रांचे प्रकरण उघडावे, आणि प्रत्येक चित्रात ग्लोमेरुलसच्या आधी धमनिका शोधावी.