तळटीप : ‘अवतारांना तेव्हा पाय नव्हते’
१. मेटाच्या ‘होरायझन वर्ल्ड्स’ या आभासी जगात सुरुवातीला माणसांचे अवतार कमरेपर्यंतच दिसत, त्याचा हा उल्लेख. डोक्यावरचा हेडसेट आणि हातांतले दोन कंट्रोलर, एवढ्या तीनच जागांची नोंद तेव्हा यंत्राला मिळे; कोपर, कंबर, गुडघे कुठे असतील हे गणिताने ताडावे लागे. कोपराचा अंदाज बऱ्यापैकी जमतो, पायांचा फसतो : टेकलेले पाऊल शेवाळावरून घसरल्यासारखे सरकते. स्टुडिओत अंगावर परावर्तक गोळ्या लावून भोवतीच्या कॅमेऱ्यांनी हालचाल टिपली (मोशन कॅप्चर) की हा दोष बराच टळतो. घरून भेटणाऱ्यांना ती सोय कुठली? आणि आपली नजर माणसाच्या हालचालीबाबत विलक्षण तीक्ष्ण असते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुनार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की अंधारात सांध्यांवरचे दहा-बारा दिवे हलताना दिसले तरी चालणारा माणूस क्षणात ओळखू येतो. दिवे स्थिर झाले की नुसते ठिपके उरतात. अशा नजरेला खोटे पाय दाखवण्यापेक्षा न दाखवणे बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. अवतारांना पाय देण्याची मेटाची घोषणा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. त्या वेळी दाखवलेली दृश्ये मात्र मोशन कॅप्चरवरून तयार केलेली होती, हे कंपनीनेच नंतर सांगितले. — संपा.