हूबर्ट लान्ट्स
हूबर्ट लान्ट्स (२२ मे १८९६ – १५ ऑगस्ट १९८२) हा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पर्वतीय पायदळाचा सेनापती होता. नाइट्स क्रॉस आणि त्यावरील ओकपर्णे हे मोठे लष्करी सन्मान त्याला लाभले. न्युरेंबर्ग येथे युद्धगुन्हेगार म्हणून तो दोषीही ठरला.

कारकीर्द

लान्ट्सचा जन्म व्युर्टेंबर्गमधील एंट्रिंगेन येथे झाला. १९१४ मध्ये तो सैन्यात दाखल झाला व पहिल्या महायुद्धानंतर लष्करातच राहिला. फ्रान्सच्या मोहिमेतील कामगिरीबद्दल त्याला १ ऑक्टोबर १९४० रोजी नाइट्स क्रॉस मिळाला. त्याच महिन्यात, एडेलवाइस हे फूल चिन्ह म्हणून मिरवणाऱ्या पहिल्या पर्वतीय डिव्हिजनचे नेतृत्व त्याच्याकडे आले. ही डिव्हिजन १९४१ मध्ये सोव्हिएत संघावरील आक्रमणात लढली व पुढील वर्षी कॉकेशसमध्ये पोहोचली. २१ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन पर्वतीय सैनिकांनी एल्ब्रुस (५,६४२ मीटर) शिखरावर ध्वज रोवला. लष्करीदृष्ट्या या चढाईला काहीच अर्थ नव्हता. हिटलर तिच्यावर कमालीचा संतापला, असे अल्बर्ट श्पेअरने आपल्या आठवणींत लिहिले आहे. डिसेंबर १९४२ मध्ये लान्ट्सला ओकपर्णे मिळाली. १९४३ च्या प्रारंभी खारकीव्ह हातचे गेल्यावर मात्र त्याला तेथील सेनापतिपदावरून दूर करण्यात आले.

केफालोनिया

लान्ट्सच्या नावावरील सर्वांत गडद डाग केफालोनिया या ग्रीक बेटाचा आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांशी युद्धविराम केला, तेव्हा तो ग्रीसमधील बाविसाव्या पर्वतीय कोअरचा प्रमुख होता. बेटावरील इटालियन आक्वी डिव्हिजनने शस्त्रे खाली ठेवण्यास नकार दिला. सुमारे आठवडाभराच्या लढाईनंतर, २२ सप्टेंबरला तिने शरणागती पत्करली. तेथे कैदी घेऊ नयेत, असा हिटलरचा आदेश होता. शरण आलेले सैनिक गटागटाने गोळ्या घालून मारले गेले. २४ सप्टेंबरला डिव्हिजनचा सेनापती अंतोनियो गांदीन यालाही ठार करण्यात आले. मृतांचा आकडा वादग्रस्त आहे. दीर्घकाळ सुमारे ५,००० ही संख्या सांगितली गेली, तर अलीकडील काही संशोधक ती बरीच कमी मानतात.

खटला

आग्नेय युरोपातील जर्मन सेनापतींवर १९४७-४८ मध्ये न्युरेंबर्ग येथे चाललेल्या खटल्यात लान्ट्स आरोपी होता. सर्व इटालियनांना ठार करण्याच्या आदेशाला आपण विरोध केला, मोजकेच अधिकारी मारले गेले आणि हजारोंच्या हत्येचा अहवाल वरिष्ठांची दिशाभूल करण्यासाठी धाडला होता, असा त्याचा बचाव होता. इटलीकडून याविरुद्ध पुरावा पुढे आला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत खेदजनक बाब म्हणावी लागेल. न्यायालयाने बचावाचा बराचसा भाग मान्य केला व त्याला १२ वर्षांची शिक्षा दिली. १९५१ मध्येच तो सुटला.

उत्तरायुष्य

पश्चिम जर्मनीत लान्ट्सने फ्री डेमोक्रॅटिक पक्षाला संरक्षणविषयक सल्ला दिला. पर्वतीय सैन्यातील माजी सैनिकांच्या संघटनेतही त्याला मानाचे स्थान होते. म्युनिक येथे त्याचे निधन झाले. लुई द बर्निएर यांच्या १९९४ मधील कादंबरीमुळे केफालोनियाची कथा इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. मार्च २००१ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष कार्लो आझेल्यो चांपी यांनी बेटावर जाऊन आक्वी डिव्हिजनच्या मृतांना आदरांजली वाहिली.