लाकूडवायू व इतर पर्यायी वाहन इंधने (वेंगुर्ले परिसर)

पेट्रोल-डिझेलऐवजी लाकूड, लोणारी कोळसा, झाडबियांची तेले, मद्यार्क किंवा कुजणारा कचरा यांपासून मिळणाऱ्या इंधनावर वाहने चालविण्याच्या पद्धती. वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग, १ मे १९८१ पूर्वी जि. रत्नागिरी) हे जुने बंदर. येथून सावंतवाडी-आंबोलीमार्गे बेळगावला जाणारा घाटरस्ता, चार महिन्यांचा पाऊस आणि भोवतालच्या काजूच्या बागा यांमुळे या इंधनांचे गुण व अडचणी दोन्ही येथे लवकर उघड होतात.

पूर्वपीठिका : लाकडापासून वायू करून त्यावर मोटार चालविण्याचे सुटसुटीत यंत्र झॉर्झ अँबेर या अल्सेसमधील संशोधकाने १९२० च्या दशकात विकसित केले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाल्यावर युरोपात त्याचा प्रसार झाला. जर्मनीत युद्धाच्या अखेरीस अशी सुमारे ५ लाख वाहने होती, असे सामान्यतः मानतात. भारतात १९४१ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारे तेल बंद झाले. खासगी मोटारमालकांनी तेव्हा बसच्या मागे किंवा बाजूला कोळशाच्या भट्ट्या बसविल्या. दक्षिण कोकणात त्या वेळी रेल्वे नव्हती (कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ मध्ये). बोटीतून उतरल्यावर पुढच्या प्रवासाला मोटार किंवा बैलगाडी हेच मार्ग होते.

यंत्ररचना : उभ्या लोखंडी टाकीत वरून कोळसा भरतात. तळाशी अपुऱ्या हवेत तो जळतो; तयार झालेला कार्बन डाय-ऑक्साइड तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि ओलाव्याची वाफ कोळशाशी संयोग पावून हायड्रोजन देते. लाकूडवायूत साधारणतः कार्बन मोनॉक्साइड १७ ते २२ टक्के, हायड्रोजन १२ ते २० टक्के, मिथेन २ ते ३ टक्के असतो. निम्मा भाग नायट्रोजनचा, म्हणजे निव्वळ ओझे. घनमीटरला सुमारे ५ ते ६ मेगाज्यूल इतकीच उष्णता मिळते. हवेत मिसळल्यावर पेट्रोलच्या मानाने एंजिनाची ताकद एक तृतीयांश ते निम्मी घटते.

गाडी सुरू करण्याचा सोपस्कार मोठा होता. किन्नर (गाडीचा क्लीनर) हातपंखा फिरवून भट्टी फुलवी. तपासणीच्या तोटीपाशी काडी धरल्यावर ज्योत न फडफडता जळू लागली की वायू ‘धरला’ असे समजत. पुष्कळदा एंजिन थोड्या पेट्रोलवर चालू करून मग वायूवर घेत. वायू प्रथम राख बसविणाऱ्या डब्यातून, मग थंड करणाऱ्या नळ्यांतून आणि शेवटी कापड किंवा काथ्याच्या गाळणीतून एंजिनात जाई. काथ्या या किनाऱ्यावर मुबलक. पण तो ओला झाला की वायूचा मार्गच कोंडे. जाळीवर साचलेला खंगर (वितळून घट्ट झालेली राख) सळईने पाडणे, राख काढणे आणि गाळणी धुणे हे रोजचे काम असे. ते चुकले तर राखेची बारीक पूड सिलिंडर खाई. लोक आठवणी धुराच्या सांगतात; एंजिनाचे आयुष्य मात्र गाळणीवर ठरत असे. कार्बन मोनॉक्साइड विषारी व वासहीन असल्याने बंद जागेत भट्टी पेटती ठेवणे जिवावर बेतू शकते.

घाट व पाऊस : सावंतवाडीपुढे रस्ता सुमारे ७०० मी. उंचीवरील आंबोलीकडे चढतो. सपाटीवर खपून जाणारी ताकदीची तूट अशा चढणीवर लपत नाही. प्रवाशांना उतरवून गाडी हलकी केल्याचे किस्से कोळशाच्या गाड्यांच्या आठवणींत सर्रास आढळतात. काही रंगवून सांगितलेलेही असावेत. लाकडात ओलावा २० टक्क्यांहून अधिक असला की डांबर वाढते व वायू दुबळा होतो. आंबोलीचे वार्षिक पर्जन्यमान ७,००० मि.मी.च्या आसपास असल्याने सुके इंधन साठविणे हाच तेथे पहिला प्रश्न ठरतो.

जंगलावरील भार : भारतातील वाहनांत लाकडापेक्षा लोणारी कोळसा पसंत केला गेला, कारण त्यातील डांबर भट्टी लावतानाच निघून गेलेले असते. एक लिटर पेट्रोलच्या जागी सुमारे अडीच ते तीन किलो सुके लाकूड पुरते. परंतु पारंपरिक कोळसाभट्टीत लाकडाच्या वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतका कोळसा हाती येतो, त्यामुळे त्याच एका लिटरपोटी दुप्पट किंवा त्याहून अधिक लाकूड तुटते. स्वच्छ वायूची किंमत अशी ऐन-किंजळाच्या रानाने मोजली. कोकणातील जंगलतोडीत मोटारींचा वाटा किती आणि मुंबईला जाणाऱ्या जळाऊ लाकूड-कोळशाचा किती, याविषयी मतभेद संभवतात.

युद्धानंतर पेट्रोल मिळू लागताच या भट्ट्या मागे पडल्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. पुढे खासगी सेवांची जागा एस.टी.ने घेतली.

नंतरचे प्रयोग : फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी उसाचे पाचट व चिपाड यांवर चालणारी वायुजनन भट्टी विकसित केली. ती उष्णतेसाठी होती, वाहनासाठी नव्हे. वायुजननाचा निभाव एका जागी बसविलेल्या यंत्रात लागतो, चाकांवर क्वचितच, हे तिच्यावरूनही दिसते.

काजू : वेंगुर्ले येथे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र असून वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ इ. काजूच्या जाती तेथील होत. काजूबीच्या वजनाचा मोठा भाग टरफलाचा. कारखान्यांत ते बॉयलरखाली जाळतात. टरफलातील दाहक तेल तापल्यावर चिकट होते, नळ्या बुजविते आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. त्यामुळे तेल काढून घेतलेले टरफलच भट्टीला सोयीचे. बोंडू (काजूचे फळ) बीपेक्षा वजनाने कितीतरी पट अधिक असते, व बरेचसे बागेत कुजून जाते. गोव्यात त्याची फेणी होते. त्यापासून इंधनाचा मद्यार्क करणे तत्त्वतः शक्य आहे. मात्र हंगाम दोन-तीन महिन्यांचा, फळ दुसऱ्या दिवशी आंबणारे आणि बागा डोंगरउतारावर विखुरलेल्या, त्यामुळे उसाच्या मळीशी त्याची बरोबरी होत नाही.

उंडी व करंज : दोन्ही झाडे किनाऱ्यावर सहज वाढतात. उंडीचे तेल पूर्वी दिव्यांत जाळीत व होड्यांना लावीत. त्यात मुक्त मेदाम्ले जास्त असल्याने जैवडिझेल करताना दोन टप्प्यांची प्रक्रिया लागते. बिया गोळा करण्याची मजुरी हा खरा अडसर.

बायोगॅस : वेंगुर्ले नगरपरिषदेने ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व सुक्या कचऱ्यापासून कांडी कोळसा करण्याचे काम केले आहे. कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ प्रतिष्ठानने शेणावरील घरगुती संयंत्रांचा प्रसार केला; तो वायू चुलीसाठी वापरतात.

मासेमारी नौका : यांत्रिक नौका डिझेलवर चालतात, त्यावरील कराचा परतावा शासन देते; त्यामुळे पर्यायी इंधनाची ओढ कमी राहते.

विजेवरील बस : राज्य परिवहन महामंडळाची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी, एस.टी.ची पहिली बस धावली त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली.